रिपोर्टमध्ये एमजीयूएस आलंय: खाण्यापिण्याने खरंच काही फरक पडतो का?

कुळागरची_लेक (फोंडा)

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं म्हणून नेहमीच्या रक्ततपासण्या केल्या. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, पण टोटल प्रोटीन जास्त आणि अल्ब्युमिन-ग्लोब्युलिनचं गुणोत्तर उलटं. मग इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन, फ्री लाइट चेन अशा एकामागून एक तपासण्या झाल्या. शेवटी रक्तविकारतज्ज्ञांनी सांगितलं: एमजीयूएस आहे, म्हणजे रक्तात एकाच साच्याचं जादा प्रथिन जमलंय. कर्करोग नाही, औषधाची गरज नाही, सहा महिन्यांनी परत या.

औषध नाही म्हटल्यावर घरात सल्ल्यांचा पूर आला. मावशीने हळदीच्या कॅप्सूल पाठवल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, नुस्तं (मासे) बंद करा. दुबईच्या चुलतभावाने साखर सोडण्याचे व्हिडिओ पाठवले. बाबा आता जेवायला बसले की ताटाकडे संशयाने बघतात. आयुष्यभर चवीने जेवलेला माणूस असा घाबरत जेवतो, हे मला बघवत नाही. म्हणून वाचायला बसले. जे कळलं ते मांडते, जाणकारांनी पुढे न्यावं.

आपल्या अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं त्या बनवतात. हजारो प्रकारच्या पेशी, हजारो प्रकारची प्रतिपिंडं. कधीतरी त्यातल्या एकाच पेशीची प्रजा वाढते आणि एकाच साच्याचं प्रथिन रक्तात जमू लागतं. त्याला एम-प्रोटीन म्हणतात. ते दर डेसिलिटरला ३ ग्रॅमच्या खाली, मज्जेत प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांच्या खाली, आणि हाडं, मूत्रपिंड, कॅल्शियम, हिमोग्लोबिन सगळं शाबूत, अशी स्थिती असेल तर ती एमजीयूएस. हे नाव अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी १९७८ साली दिलं. तिथल्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या शंभरातल्या तिघांमध्ये ही स्थिती आढळली. त्यातून मल्टिपल मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) किंवा तत्सम आजार होण्याचं प्रमाण वर्षाला साधारण १ टक्का. म्हणजे बहुतेकांचं आयुष्य याच्यासोबतच, काही न होता निघून जातं. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे: जवळजवळ प्रत्येक मायलोमाच्या आधी ही पायरी असतेच. २००९ मध्ये जुने साठवलेले रक्ताचे नमुने तपासून हे दाखवलं गेलं.

आता दाहाचा संबंध. इंटरल्युकिन-६ नावाचा एक संदेशवाहक रेणू आहे. शरीरात कुठेही दाह असला की तो वाढतो, आणि तोच प्लाझ्मा पेशींना वाढायला मदत करतो. पोटाभोवतीची चरबीही तो बनवते. चरबी वाढली की ॲडिपोनेक्टिन हा दाह शमवणारा संप्रेरक मात्र कमी होतो. लठ्ठपणा हा एमजीयूएस आणि मायलोमा दोन्हींसाठी धोक्याचा घटक मानतात, त्यामागे हेही एक कारण.

आणि ज्यामुळे हा धागा काढावासा वाटला, तो अभ्यास. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात डॉ. उर्वी शाह यांनी केलेला, नाव न्यूट्रिव्हेन्शन. एमजीयूएस किंवा त्याच्या पुढची पायरी, म्हणजे स्मोल्डरिंग मायलोमा असलेले आणि वजन जास्त असलेले २० जण. १२ आठवडे तंतुमय शाकाहार: कडधान्यं, भाज्या, फळं, अख्खी धान्यं, सुकामेवा. भूक असेल तेवढं खायचं, मोजमाप नाही. सरासरी ८ टक्के वजन उतरलं. इन्शुलिनचा प्रतिरोध, आतड्यातले जंतू, दाहाचे निर्देशक यांत सुधारणा दिसली. दोघांचं एम-प्रोटीन आधी चढत चाललं होतं, त्यांचा चढाचा वेग मंदावला.

माझा प्रश्न असा: हे आपल्या ताटात कसं आणायचं, आणि यावर किती भरवसा ठेवायचा?

---

सूक्ष्मदर्शी (म्हापसा)

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, म्हणून आधी लॅबच्या बाजूने बोलतो.

इलेक्ट्रोफोरेसिसच्या जेलवर एका टोकाला अल्ब्युमिनचा जाड, गडद पट्टा असतो. मग अल्फा, बीटा, आणि शेवटी गामाचा भाग. निरोगी माणसात गामाचा भाग फिकट आणि पसरट दिसतो, कारण तिथे हजारो प्रकारची प्रतिपिंडं असतात. एमजीयूएसमध्ये त्या फिकट भागात एक बारीक, ठळक रेघ उमटते. आलेखात तोच भाग बसक्या टेकडीऐवजी सुळक्यासारखा वर येतो. रेघ इतकी बारीक असू शकते की पहिल्या नजरेत सुटावी.

लेकी, बाबांच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघ. एम-प्रोटीन १.५ ग्रॅमच्या खाली आहे का, प्रतिपिंडाचा प्रकार आयजीजी आहे का, आणि कॅपा-लॅम्ब्डा या दोन लाइट चेनचं (प्रतिपिंडांच्या सुट्या तुकड्यांचं) गुणोत्तर ०.२६ ते १.६५ च्या मध्ये आहे का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर २० वर्षांत पुढे सरकण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास. तिन्ही बिघडलेल्या असतील तर तीच ५८ टक्क्यांपर्यंत जाते. मूत्रपिंड कमजोर असेल तर गुणोत्तराची मर्यादा वेगळी धरतात, तेव्हा क्रिएटिनिन सोबत ठेवूनच वाचायचं.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण काउंटरवर रोज ऐकतो. 'ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) वाढलाय म्हणजे दाह वाढलाय' हे एमजीयूएसमध्ये सरसकट लागू होत नाही. एम-प्रोटीनमुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून चळत होते आणि त्या लवकर खाली बसतात. दाह नसतानाही ईएसआर चढलेला दिसतो. आहार बदलून चार महिने झाले, ईएसआर हलला नाही, म्हणून कष्ट वाया गेले असं समजू नका. दाह बघायचा असेल तर सीआरपी हे रक्तातलं प्रथिन बघा. यकृत इंटरल्युकिन-६ च्या सांगण्यावरूनच सीआरपी बनवतं, त्यामुळे तो या गोष्टीच्या जास्त जवळ आहे.

---

केरीचो_मामा

आमच्या पिढीने उकडे तांदूळ, पेज, अळसांदे (चवळी), पावसाळ्यात तायखिळा नि अळू खाल्लं. तेव्हा हे असलं काही ऐकलं नव्हतं. पाव, चोरीस (गोव्याचं सॉसेज) आणि बाटलीबंद पेयं आली आणि रोग आले. याला अमेरिकेचा अभ्यास कशाला हवा?

---

कुळागरची_लेक

मामा, ताटाबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. पण ऐकलं नव्हतं म्हणजे नव्हतंच, असं नाही हो. या स्थितीत दुखत नाही, खुपत नाही. रक्ताची ही खास तपासणी केल्याशिवाय ती कळतच नाही, आणि आपल्या आजोबांची ती कोणी केली नव्हती. आइसलँडमध्ये २०१६ पासून चाळिशीपुढच्या ८० हजारांहून जास्त लोकांनी एका अभ्यासात नाव नोंदवलं आणि त्यांची सरसकट तपासणी झाली, तेव्हा स्वतःला धडधाकट समजणाऱ्या कितीतरी जणांमध्ये एमजीयूएस निघालं. शिवाय वय, घराण्यात असणं, काही कीटकनाशकांशी वर्षानुवर्षं संपर्क, हेही धोक्याचे घटक आहेत. ते ताटाबाहेरचे.

हे एवढ्यासाठी लिहिते की बाबा स्वतःलाच दोष देत बसलेत. 'मी काय चुकीचं खाल्लं?' हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्यांनी काही चुकीचं खाल्लं नाही, हे मला त्यांना ठामपणे सांगायचंय.

---

केरीचो_मामा

हे पटलं बाय. बाबांना माझा निरोप सांग, काळजी करू नका म्हणावं.

---

शिवराक_ताट (मडगाव)

मी आहारतज्ज्ञ आहे. धागा चांगला काढलास गो.

आधी भरवशाबद्दल. २० माणसं म्हणजे लहान अभ्यास, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. दोघांचा वेग मंदावला ही आशेची गोष्ट, पण त्यावरून 'आहाराने मायलोमा टळतो' असं मी कुठल्याही पेशंटला सांगणार नाही. तरीही मी हा अभ्यास गांभीर्याने घेते, कारण त्यामागची साखळी जुळते. तंतू आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. ही आम्लं आतड्याचं अस्तर राखतात आणि प्रतिकारशक्तीला शांत ठेवतात. याच संशोधकांनी मायलोमाच्या वाटेवर असलेल्या उंदरांना तंतुमय आहार दिला तेव्हा त्यांच्यातही आजार लांबणीवर पडला. त्याआधी २०१८ मध्ये मिलानच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दुसरी बाजू दाखवली होती: आतड्यातला प्रेव्होटेला जातीचा एक जंतू विशिष्ट दाहक पेशी वाढवतो, त्या मज्जेपर्यंत पोचतात आणि मायलोमाला हातभार लावतात. आतडं आणि अस्थिमज्जा यांचं हे नातं मला तरी थक्क करणारं वाटतं.

आता ताट. न्यूयॉर्कवाल्यांना जे डबे घरपोच द्यावे लागले, त्यातलं बरंचसं आपल्या स्वयंपाकघरात आहे. १०० ग्रॅम शिजलेल्या अळसांद्यात सहा-सात ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या सुरय तांदळाच्या तेवढ्याच भातात अर्धा ग्रॅमही नाही. म्हणजे ताटात भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर तोणाक (कडधान्याची वाटण घातलेली आमटी), हे उलटं करायचं. तोणाक वाटीभर, भात त्याच्या सोबतीला. मुगागाठी, खतखतं, तांबडी भाजी, नीरफणस, वालीची भाजी, सकाळच्या पातळभाजीतले वाटाणे, सगळं चालतं. उकडा तांदूळ घ्यायचा तर लाल कोंडा राखलेला घ्या, घासून गोरा केलेला नव्हे. पोई या पावाचं तसंच. वरून कोंडा भुरभुरलेला दिसतो, आत बऱ्याचदा मैदाच असतो, तेव्हा पोदेराला (पाववाल्याला) विचारून घ्या.

नारळावर मात्र बोलावं लागेल. तोणाकासाठी अर्धा नारळ भाजून वाटायची आपली सवय आहे. वजन उतरवायचं असेल तर ते प्रमाण निम्म्यावर आणा. मी घरी खोबरं कमी करून त्या जागी थोडे शिजलेले अळसांदेच वाटणात घालते. रस दाट होतो आणि धणे, मिरी, लवंग नीट भाजलेली असली की चव पडत नाही. भिजत घातलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवा, पोट कमी फुगतं. आणि तंतू एकदम वाढवू नका. ज्यांना सवय नाही त्यांनी दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या.

वजनाचा आकडाही आपल्यासाठी वेगळा धरायचा. अभ्यासात बीएमआय २५ च्या वरचे लोक होते, पण भारतीयांत २३ नंतरच जास्त वजन मानतात. कंबर पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या वर असेल तर लक्ष घाला, मग काटा काहीही म्हणो.

---

अबोली

ताई, नुस्त्याचं काय? आमच्याकडे श्रावण संपला की कोणी ऐकत नाही. आणि साखर पूर्ण बंद करावी का? साखर कर्करोगाच्या पेशींना पोसते म्हणतात.

---

शिवराक_ताट

अबोली, त्या अभ्यासातला आहार पूर्ण शाकाहारी होता, म्हणून मासे खाऊन तेच परिणाम दिसतील असं म्हणता येणार नाही. पण बांगडे-तारल्यांत ओमेगा-३ भरपूर असतं आणि हुमणातला मासा सोडा असं मी कुणाला सांगत नाही. सोडायचं झालं तर चोरीस, सलामी, सॉसेज सोडा. प्रक्रिया केलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक गटात टाकलं, मुख्यतः आतड्याच्या कर्करोगासाठी. रव्यात घोळून तळलेल्या माशाचा तुकडा रोज नको, हुमण आणि तिखलं चालेल.

साखरेचं: शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते, चांगलीही आणि वाईटही. चहातला चमचा बंद करून प्लाझ्मा पेशी उपाशी मरत नाहीत. पण बाटलीबंद गोड पेयं वजन वाढवतात, इन्शुलिन वाढवतात, ती जाऊ देत. चवथीला नेवरी खाल्ली म्हणून कोणी रडत बसू नये.

आणि जे पूर्ण शाकाहारी होणार आहेत, त्यांनी बी-१२ तपासून घ्या. ही गोष्ट इथे नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. बी-१२ कमी झालं की हिमोग्लोबिन उतरतं, पायाला मुंग्या येतात. नेमक्या याच दोन खुणा डॉक्टर एमजीयूएसच्या पेशंटमध्ये डोळ्यांत तेल घालून शोधत असतात. जीवनसत्त्वाच्या कमतरतेने नको ती घबराट उडते, नाहीतर उलट, खरी खूण 'बी-१२ असेल' म्हणून बाजूला पडते.

---

दूधसागर

मी स्वतः स्मोल्डरिंग मायलोमाचा पेशंट आहे. वय ५४. तपासणीसाठी मुंबईला जाऊन येतो.

इथे बहुतेक चर्चा एमजीयूएसची चाललीय म्हणून सांगतो, आमची पायरी वेगळी. एमजीयूएसला वर्षाला १ टक्का, तर आम्हाला पहिली पाच वर्षं दर वर्षी साधारण १० टक्के. त्यामुळे आहार हा माझ्यासाठी छंद नाही. मी भात कमी केला, कडधान्यं वाढवली, संध्याकाळी मिरामारला चालतो. वजन उतरलं, रक्तदाबाची गोळी अर्धी झाली. एम-प्रोटीन सध्या स्थिर आहे. ते आहारामुळे स्थिर आहे असा दावा मी करणार नाही. पण प्रत्येक तारखेच्या आधी रात्र रात्र जागायचो ते कमी झालं, कारण मधल्या महिन्यांत माझ्या हातात करण्यासारखं काहीतरी असतं.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मात्र आहारावर विसंबून पुढच्या तपासण्या सोडल्या. पाठ दुखायची, तेल लावायचे. शेवटी मणका दबला तेव्हा कळलं. हे लिहिताना हात थरथरतो. कृपा करून तारखा चुकवू नका. हाडाचं नवं दुखणं, विनाकारण थकवा, लघवीला फेस, वारंवार जंतुसंसर्ग यातलं काही असेल तर सहा महिन्यांची वाट बघू नका. आणि ज्यांचा स्मोल्डरिंग जास्त धोक्याच्या गटात आहे, त्यांच्यासाठी आता औषधाचा पर्याय पुढे आला आहे. २०२४ च्या शेवटी ॲक्विला चाचणीचे निकाल आले, दारातुमुमॅब लवकर सुरू केल्याने आजार लांबणीवर पडतो असं त्यात दिसलं. डॉक्टर त्याबद्दल बोलू लागले तर 'मी डाएट करतोय' म्हणून उठून येऊ नका.

---

झुआरीपार

माझ्या आईला एमजीयूएस आहे आणि क्रिएटिनिनही थोडं वाढलेलं आहे. रोज शहाळं आणि दोन वाट्या कडधान्य सुरू केलं होतं. हा धागा वाचून बरं वाटलं, पण मूत्रपिंडाचं काय?

---

सूक्ष्मदर्शी

झुआरीपार, शहाळं आधी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम बरंच असतं, कडधान्यांतही असतं. मूत्रपिंड नीट असेल तर ते सहज बाहेर जातं, कमजोर असेल तर साठतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. सोडियम-पोटॅशियमची तपासणी साधी आणि स्वस्त आहे, उद्याच करून घ्या. तंतुमय आहार आईंना पूर्ण वर्ज्य असेल असं नाही, पण कडधान्य किती, भाजी उकळून पाणी टाकून द्यायची का, हे मूत्रपिंडाचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून ठरवतील.

याच अनुषंगाने: गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, स्वतःच्या मनाने रोज घेऊ नयेत. लाइट चेन वाढलेल्या असतील तर मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. काय रचना आहे हे न कळलेली भस्मंही नकोत.

---

अबोली

आणि मावशीच्या हळदीच्या कॅप्सूल? त्याबद्दल कोणी लिहिलं नाही.

---

शिवराक_ताट

हळदीतल्या कर्क्युमिनवर एमजीयूएसच्या पेशंटमध्ये ऑस्ट्रेलियात छोटे अभ्यास झाले आहेत, २००९ चा त्यातला एक. काही जणांचं एम-प्रोटीन थोडं उतरलं, पण त्यावरून उपचार ठरावा इतकं ते पक्कं नाही. भाजीतली, हुमणातली हळद खुशाल खा. कॅप्सूलचं वेगळं. शोषण वाढावं म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क घातलेला असतो, आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदवली गेली आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी सांभाळा. पुढे कधी मायलोमाचे उपचार सुरू झाले तर डॉक्टरांना प्रत्येक पूरक गोळीची यादी द्या. ग्रीन टीच्या अर्कातला एक घटक बोर्टेझोमिब या औषधाला निष्प्रभ करतो, असं प्रयोगशाळेत २००९ मध्येच दिसलं आहे.

---

कुळागरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सूक्ष्मदर्शीदादा, रिपोर्ट काढून बघितला: आयजीजी, एम-प्रोटीन ०.८, गुणोत्तर मर्यादेत. बाबांना ५ टक्क्यांचा आकडा स्वतः वाचायला दिला. बराच वेळ कागद हातात धरून बसले, मग आईला म्हणाले, उद्या तोणाक कर, नारळ थोडा कमी घाल.

कॅप्सूलची बाटली पुढच्या तारखेला डॉक्टरांना दाखवायला पिशवीत ठेवली आहे. मावशीला मी फोन करून समजावलं, तिने प्रेमानेच पाठवलं होतं. पुढच्या खेपेला सीआरपी, बी-१२, क्रिएटिनिन आणि कंबरेचं माप असं चिठ्ठीवर लिहून नेणार आहे. दूधसागरदादा, पाठीचं दुखणं विचारायचं हेही त्यात लिहिलं, बाबा स्वतःहून सांगत नाहीत.

झुआरीपार, आईंचा पोटॅशियमचा रिपोर्ट आला की इथे नक्की कळवा.

---

झुआरीपार

सकाळीच रक्त देऊन आलो. शहाळं बंद केलंय. संध्याकाळी रिपोर्ट मिळेल, तो घेऊन थेट डॉक्टरांकडे जातो आणि मग इथे लिहितो.